प्लग बसत नसेल तर आधी थांबा: ठाणे-नवी मुंबईत नव्याने घर लावणाऱ्यांसाठी

भाचा लातूरहून नोकरीसाठी आला आणि कोपरखैरण्यात दोन मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहू लागला. गॅस मिळेपर्यंत वरण-भातापुरती म्हणून त्याने इंडक्शन शेगडी घेतली. शेगडीचा प्लग जाड पिनांचा, ओट्यावरचं सॉकेट बारीक भोकांचं. कोपऱ्यावरच्या दुकानात "ह्याला हे लावा" म्हणून एक पांढरा ठोकळा मिळाला. त्यात एका बाजूने जाड पिना जातात आणि दुसऱ्या बाजूला बारीक पिना असतात. काम भागलं. चौथ्या दिवशी रात्री फोन आला, "मावशी, जळल्यासारखा वास येतोय. पण शेगडी नीट चालू आहे, एमसीबीपण पडलेला नाही. म्हणजे ठीक आहे ना?"

ठीक नव्हतं. त्याला आधी मेन बंद करायला लावला. सकाळी जाऊन बघितलं तर ठोकळा वितळून सॉकेटला चिकटलेला. ओढून काढला तेव्हा सॉकेटमधली पितळी पट्टीही सोबत आली.

आता हिशेब बघा. शेगडी २००० वॅटची. आपल्याकडे घरात वीज येते २३० व्होल्टची. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात, म्हणजे इथे साधारण ८.७. सॉकेट होतं ६ अँपिअरचं आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, १६ चा. १६ च्या एमसीबीला ८.७ म्हणजे किरकोळ भार, तो कशाला पडेल? एमसीबी भिंतीतल्या वायरची राखण करतो. सॉकेटच्या आतल्या पट्टीचं काय होतंय ते त्याला कळत नाही. शिवाय उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दीडपट झाला की जिथे पिन आणि पट्टी टेकतात तिथली उष्णता सव्वादोनपट होते. पट्टी सैल असेल तर आणखीच.

जाड पिन बारीक भोकात जात नाही ही कोणाची चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. "माझा भार तुला झेपणार नाही" हे प्लग सॉकेटला त्या भाषेत सांगत असतो. ठोकळा लावला की ते सांगणंच बंद होतं, भार होता तेवढाच राहतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पहिली पायरी: सामान उतरवण्याआधी बोर्ड मोजा

घर बघायला जाल तेव्हा खिडकीतून खाडी दिसते का, यात सगळा वेळ घालवू नका. दहा मिनिटं बोर्डांना द्या. इथे घरं तीन तऱ्हेची भेटतात. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे इथली सिडकोची जुनी घरं. सिडको १९७० साली स्थापन झाली. तिची सुरुवातीची घरं बांधली गेली तेव्हा घरात दोन पंखे, ट्यूबलाइट, टीव्ही आणि फार तर फ्रिज असायचा, वायरिंगही त्याच मापाचं. दुसरी तऱ्हा ठाण्यात नौपाडा, चरई, कोपरी भागातल्या जुन्या इमारतींची. तिथे काही ठिकाणी अजून लाकडी बोर्ड आणि भिंतीवरून गेलेली पट्टीतली वायर दिसते. तिसरी तऱ्हा घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या टॉवरांची. तिथे पॉइंट भरपूर असतात, फक्त तुम्हाला हवे तिथे नसतात. आमच्या घरी पलंगामागे तीन सॉकेट आहेत आणि ओट्यावर दोन. आराखडा करणाऱ्याने बहुतेक कधी चटणी वाटली नसावी.

मालक किंवा एजंट "सगळीकडे पॉइंट आहेत" म्हणतील. त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा: "पावर पॉइंट किती आणि कुठे?" बोलीत बारीक भोकांच्या सॉकेटला साधा पॉइंट आणि जाड भोकांच्या सॉकेटला पावर पॉइंट म्हणतात. एक मोरीत गिझरजवळ, एक ओट्यावर, एक वॉशिंग मशीनच्या जागेवर आणि एसी लावणार असाल तर त्याचा वेगळा, एवढे हवेतच. नसतील तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर सही करण्याआधी बोला. सही झाल्यावर "बघू, माणूस पाठवतो" एवढंच ऐकायला मिळतं. बोर्डांचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. घर सोडताना डिपॉझिटच्या वेळी "हे सॉकेट तुम्हीच जाळलं" असा वाद होतो, तेव्हा ते उपयोगी पडतात.

मग दाराजवळची डीबी उघडा, म्हणजे एमसीबींची पेटी. प्रत्येक एमसीबीवर आकडा असतो: ६, १०, १६, २०, ३२. त्यांच्यात एक जरा रुंद, 'टी' असं छोटं बटण असलेला स्विच आहे का, ते बघा. तो आरसीसीबी. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

विजेचं एक बिलही मागून घ्या. ठाणे शहराच्या बहुतेक भागात आणि नवी मुंबईत वीज महावितरणची असते. कळवा, मुंब्रा, शिळ भागात २०२० पासून वितरणाचं काम टोरेंटकडे आहे. बिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो. तुमचा गिझर २ किलोवॅट, शेगडी २ किलोवॅट आणि दीड टनाचा एसी साधारण दीड-पावणेदोन किलोवॅट. सकाळी तिन्ही एकदम चालले की साडेपाचच्या वर जातं. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट दिसला तर भार वाढवून घेण्याचा अर्ज मालकांना करायला सांगा. तो त्यांच्या नावावरच होतो.

दुसरी पायरी: पिना ओळखा

आपल्या देशात घरगुती प्लग मुख्यतः दोन मापांचे, दोन्ही तीन गोल पिनांचे. लहान ६ अँपिअरचा, मोठा १६ अँपिअरचा. दुकानात अजून 'पाच' आणि 'पंधरा' म्हणतात, कारण जुनं माप तेच होतं. ही रचना इंग्रजांकडून आली. तिचं ब्रिटिश मानक १९३४ चं. गंमत अशी की इंग्रजांनी स्वतः १९४७ पासून चौकोनी पिनांचा दुसराच प्लग आणला आणि गोल पिना आपल्याकडे राहिल्या. आता त्यांचं भारतीय मानक आयएस १२९३.

लहान प्लगच्या खालच्या दोन पिना सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि वरची अर्थची, म्हणजे जमिनीला जोडलेली, पिन सुमारे ७ मिलिमीटरची. मोठ्या प्लगमध्ये खालच्या दोन ७ च्या आणि अर्थची जवळजवळ पावणेनऊची. म्हणजे लहानाची सगळ्यात जाड पिन आणि मोठ्याची बारीक पिन एकाच जाडीच्या. पिनांमधलं अंतरही वेगळं, म्हणून दाबून, वाकवून, घासून काही उपयोग नाही. घासून बघणारे मी पाहिले आहेत.

अर्थची पिन लांबही असते. प्लग खुपसताना ती आधी टेकते आणि उपसताना शेवटी सुटते, म्हणजे वीज पोहोचण्याआधी संरक्षण तयार असतं. चांगल्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवर आतून पडदा असतो, तो हीच लांब पिन उघडते. त्यामुळे दोन पिनांचा चार्जर जात नाही म्हणून वरच्या भोकात पेन किंवा पेचकस खुपसून पडदा उघडायची जी युक्ती सगळ्यांना येते, ती विसरा. त्या चार्जरसाठी दोन पिनांचं सॉकेट बसवून घ्या.

सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वर अर्थ, उजवीकडे फेज (जिथून वीज येते), डावीकडे न्यूट्रल (जिथून ती परत जाते).

हल्ली बऱ्याच घरांत ६ आणि १६ दोन्ही मापांचे प्लग घेणारं सॉकेट असतं, 'सहा-सोळा' म्हणून मागतात. सोयीचं आहे. पण काही वर्षं जाड प्लग घेतल्यावर त्यात बारीक पिना डुगडुगतात. प्लग खुपसल्यावर हलत असेल, त्याच्या वजनाने खाली झुकत असेल किंवा आतून किर्र आवाज येत असेल तर ते सॉकेट संपलं, बदला. सर्व देशांचे प्लग घेणारं 'युनिव्हर्सल' सॉकेट दिसायला हुशार, पण कोणालाच घट्ट धरत नाही. मोबाइलपुरतं ठीक.

तिसरी पायरी: उपकरणाची पाठ वाचा

प्रत्येक उपकरणाच्या खाली किंवा मागे लेबल असतं. त्यावरचे वॅट बघा. ६ अँपिअरच्या सॉकेटची कमाल मर्यादा ६ गुणिले २३०, म्हणजे १३८० वॅट. १६ च्या सॉकेटची ३६८० वॅट. ही टोकं आहेत, तासन्‌तास त्यावर चालवायचं नसतं. बारीक पिनेवर मी हजाराच्या आसपास थांबते.

मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा, टीव्ही शंभरच्या आगेमागे, राउटर आणि चार्जर किरकोळ. हे सगळे साध्या पॉइंटवर बिनधास्त. साधी इस्त्री १००० वॅटची, चालते. वाफेच्या इस्त्र्या २००० पर्यंत जातात, त्या पावर पॉइंटवरच. पाणी उकळायची किटली बहुधा १५०० वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर. तिला बारीक पिनेचा प्लग आला असला तरी सहा-सोळाच्या सॉकेटमध्ये लावा. साठवणीचा गिझर २००० वॅटचा आणि झटपट पाणी देणारा छोटा ३०००, म्हणजे १३ अँपिअर. तो दिसतो लहान म्हणून त्याला हलका समजू नका. समोरून कपडे घालायची वॉशिंग मशीन पाणी तापवते, म्हणून तिलाही जाड पिन. फ्रिज चालताना थोडी वीज खातो, पण सुरू होताना क्षणभर बरीच ओढतो. त्याला स्वतःचं सॉकेट द्या, मल्टिप्लगमध्ये कोणाशेजारी बसवू नका.

लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण दिसली तर ते उपकरण दुहेरी आवरणाचं आहे. त्याला अर्थ लागत नाही, म्हणून प्लगला दोनच पिना. मोबाइल चार्जर, केस कापायची मशीन वगैरे. बाकी जे धातूचं आहे आणि पाण्याजवळ चालतं, त्याला तीन पिना हव्यातच.

चौथी पायरी: अर्थिंग खरंच आहे का?

हा भाग सावकाश वाचा. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे त्यामागे वायर आहे असं नाही. जुन्या घरात मी दोनदा बोर्ड उघडलेला पाहिला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या भोकामागे भिंत होती.

अर्थिंगचं काम असं. गिझरच्या आतली वायर खराब होऊन त्याच्या पत्र्याला फेज लागला तर वीज अर्थच्या वायरने निघून जाते आणि एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो. अर्थ नसेल तर पत्रा तसाच जिवंत राहतो आणि तुम्ही ओल्या हाताने नळ धरता, तेव्हा जमिनीपर्यंतचा रस्ता तुम्ही होता. फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं, लोक म्हणतात "थोडा करंट मारतो, चप्पल घालून उघड." चप्पल हा उपाय नाही. ती अर्थिंगची तक्रार आहे.

घरी करता येण्यासारखी तपासणी म्हणजे सॉकेट टेस्टर. तीन पिनांचा, तीन छोट्या दिव्यांचा ठोकळा असतो, विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. खुपसला की दिव्यांच्या जुळणीवरून अर्थ आहे की नाही, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का ते कळतं. पेचकसासारखा साधा टेस्टर फक्त फेज कुठे आहे ते सांगतो. अर्थच्या भोकात तो पेटला नाही म्हणजे अर्थ आहे असं सिद्ध होत नाही. तिथे काहीच नसलं तरी तो पेटणार नाही. मात्र एका गोष्टीला तो कामाचा आहे. सॉकेटचा स्विच बंद करूनही टेस्टर लख्ख पेटत असेल तर वायरमनला बोलवा, कारण स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो. अशा सॉकेटवर बटण बंद असतानाही उपकरणात वीज उभी असते.

अर्थ नाही असं कळल्यावर काही जण तुम्हाला स्वस्तातला इलाज सुचवतील: न्यूट्रलचीच वायर अर्थच्या खिळीला जोडून देतो. नाही म्हणा, आवाज चढवून म्हणा. न्यूट्रल कुठे तुटली की फ्रिजच्या अख्ख्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात आणि प्लग नीट लावलेला असतो म्हणून कोणालाच शंका येत नाही. डीबीतून अर्थची हिरवी वायर ओढून घेणं हाच मार्ग. काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या आणि परवाना मागायला लाजू नका.

आता तो आरसीसीबी. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घेतात. एवढी वीज फेजने गेली आणि न्यूट्रलने परत आली नाही, म्हणजे कुठेतरी भलत्या वाटेने जमिनीत चालली आहे, हे ओळखून तो क्षणात पडतो. एमसीबी जास्त करंटला पडतो, आरसीसीबी हरवलेल्या करंटला. माणूस वाचवतो तो दुसरा. महिन्यातून एकदा 'टी' बटण दाबून बघा, खटकन पडला पाहिजे. आमच्याकडे पहिल्या तारखेला, बिल भरायच्या दिवशी दाबतात. राउटर बंद झाला म्हणून घरात दोन मिनिटं आरडाओरडा होतो, तो सहन करायचा.

पाचवी पायरी: अडॅप्टर, मल्टिप्लग, एक्स्टेन्शन

अडॅप्टर आकार बदलतो, ताकद बदलत नाही. म्हणून एकच नियम पाळा: बारीक पिनेचं उपकरण मोठ्या सॉकेटमध्ये न्यायला अडॅप्टर चालेल, जाड पिनेचं उपकरण लहान सॉकेटमध्ये न्यायला नाही. भाच्याचा ठोकळा दुसऱ्या जातीचा होता.

मग त्याचं काय केलं? पहिला आलेला माणूस म्हणाला, "सॉकेट बदलून सोळाचं टाकतो, अर्ध्या तासाचं काम." ही पळवाट इथे फार चालते. वर जाड भोकांचं सॉकेट आणि मागे तीच बारीक वायर. साध्या पॉइंटला साधारण १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते, १६ च्या सॉकेटला २.५ किंवा ४ ची लागते. वायर न बदलता सॉकेट बदललं तर आधी सॉकेट जळायचं ते आता भिंतीच्या आत जळणार. शेवटी दुसऱ्या वायरमनने डीबीपासून ओट्यापर्यंत नवी वायर ओढली, वेगळा एमसीबी दिला. अर्धा दिवस गेला, मालकांनी निम्मा खर्च दिला. शेगडी त्यावर व्यवस्थित चालते आहे, वरण-भाताबद्दल मात्र मी खात्री देत नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड घेताना त्याच्या पाठीवर एकूण किती अँपिअर लिहिलंय ते बघा. चार सॉकेट आहेत म्हणजे प्रत्येकाला सहा-सहा मिळतात असं नाही, सगळ्यांचा भार एकाच वायरने आणि एकाच प्लगने जातो. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, लॅपटॉप एका बोर्डावर हरकत नाही. इस्त्री आणि किटली एका बोर्डावर नको. एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरं एक्स्टेन्शन कधीच नको. गणपतीत मखरामागे हेच होतं: माळा, फोकस, पंखा, मोदकाच्या उकडपात्राची वायर, सगळं एका बोर्डावर, त्यावर पडदा आणि शेजारी समई. माळा एका बोर्डावर, स्वयंपाकाचं स्वयंपाकघरात, एवढं तरी पाळा. गुंडाळीची वायर असेल तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

'स्पाइक गार्ड' या नावाने फसू नका. तो विजेच्या दाबात अचानक येणारा झटका थोडाफार शोषतो. जास्त भार टाकला तर त्याच्यातलं संरक्षण वेगळं, असेल तर. कॉम्प्युटरसाठी घ्या, पण अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर त्याचा बराचसा उपयोग जातो.

आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पार्किंगमध्ये वायर सोडून स्कूटर चार्ज करू नका. सोसायटीत रोज बघते म्हणून लिहिलं.

सहावी पायरी: परदेशातून आलेलं सामान

ऐरोली, घणसोलीच्या आयटी कंपन्यांतले लोक अमेरिकेहून काही ना काही आणतात आणि कोकणातल्या घरांत आखातातून येतं. लेबलवर 'इनपुट' पुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर फक्त पिनांचा अडॅप्टर पुरे. लॅपटॉप आणि मोबाइल चार्जर बहुतेक असेच.

फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर थांबा. अमेरिकेतला हेअर ड्रायर अडॅप्टर लावून इथे चालवला तर दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि वॅट साडेतीनपटीच्या वर जातात. तो एक मोठा श्वास टाकतो आणि संपतो. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. १५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर इतका जड आणि महाग की इथेच नवा ड्रायर घेतलेला बरा. शिवाय तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. व्होल्टेज जुळवलं तरी काही मोटारी आणि विजेवरची घड्याळं इथे मंद चालतात.

दुबई, मस्कत, दोहा इथून आलेल्या वस्तूंचं सोपं आहे. तिथे व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त पिना चौकोनी, इंग्लंडसारख्या. त्या प्लगच्या आत एक छोटा फ्यूज असतो. प्लग कापून आपला लावलात तर तो फ्यूज जातो, म्हणून भार बघून आपल्या मापाचा प्लग लावा. युरोपातला जाड गोल दोन पिनांचा प्लग कधीकधी आपल्या सॉकेटमध्ये शिरतो, पण त्याचा अर्थ त्याच्या कडेच्या पट्ट्यांवर असतो. तो इथे कशालाच टेकत नाही, म्हणजे उपकरण चालतं आणि अर्थ मात्र नसतो.

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी: आपला मिक्सर अमेरिकेत नेऊ नका. कितीही अडॅप्टर लावले तरी तो चटणीला नुसता हलवत बसेल.

सातवी पायरी: प्लग टॉप स्वतः बदलायचा असेल तर

दुकानात याला 'थ्री-पिन टॉप' म्हणतात. त्यावर आयएसआयची खूण हवी. खुणेच्या वर आयएस १२९३ आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. रस्त्यावरच्या टोपलीतला दहा रुपयांचा टॉप घेऊ नका. त्याच्या पिना पोकळ असतात, नख मारलं तरी जाणवतं. आणि उपकरण वॉरंटीत असेल तर मूळ प्लग कापू नका.

आधी उपकरण सॉकेटमधून पूर्ण काढा. टॉप उघडा, आत एल, एन, ई अशी अक्षरं दिसतील. डावं-उजवं लक्षात ठेवण्यापेक्षा अक्षरं बघा, कारण उघडल्यावर बाजू उलट दिसते. उपकरणाच्या वायरीत तपकिरी म्हणजे फेज, ती एलला. निळी न्यूट्रल, ती एनला. हिरवी-पिवळी अर्थ, ती ईला, म्हणजे जाड पिनेला. भिंतीतल्या जुन्या वायरिंगमध्ये रंग वेगळे: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. दोन्हींची गल्लत करू नका.

टोकाचे तांब्याचे केस पिळून एकजीव करा, एकही केस बाहेर राहू देऊ नका. अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा बोटाच्या पेराइतकी लांब ठेवा. कोणी वायर ओढली तर ती शेवटी सुटावी. स्क्रू घट्ट. वायर जिथून बाहेर पडते तिथली पकड बाहेरच्या जाड आवरणावर आवळा, आतल्या वायरींवर नको. बंद करून हलकेच ओढून बघा. वायर आत सरकली तर पुन्हा उघडा.

भिंतीतलं सॉकेट मात्र स्वतः बदलू नका.

पावसाळा आणि आणीबाणी

जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे भिंती पाणी पितात. खाडीजवळच्या घरांत पितळी पिनांवर हिरवट थर येतो. प्लग सॉकेटमधून काढून कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याचा डाग उतरत बोर्डापर्यंत आला तर तो बोर्ड डीबीतून बंद करा आणि भिंत वाळल्यावरच चालू करा. मुसळधार पावसात आरसीसीबी पडला आणि लगेच वर केला तरी पुन्हा पडला, तर त्याच्याशी भांडू नका, कुठेतरी पाणी शिरलंय. सगळे एमसीबी बंद करून आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याला हात लावल्यावर पडतो, तो भाग बंद ठेवून वायरमनला फोन करा. तळमजल्यावर पाणी घरात येत असेल तर ते पायाखाली येण्याआधी, कोरड्यावर उभं राहून मेन बंद करा.

जळका वास आला, प्लग गरम लागला, सॉकेट तपकिरी दिसलं तर प्लग ओढायला जाऊ नका. आधी स्विच, तो नको वाटला तर मेन. ज्वाळा दिसल्या तर पाणी टाकू नका. कोणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर त्याला हाताने धरू नका. मेन पाडा. ते जमण्यासारखं नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या स्टुलाने त्याला बाजूला ढकला. शुद्धीवर असला, बरं वाटतंय म्हणाला, तरी डॉक्टरांकडे न्या.

डीबीच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा: कोणता एमसीबी कुठल्या खोलीचा, वायरमनचा नंबर आणि खाली अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, कुठलीही आणीबाणी ११२, वीज तक्रार १९१२. मार्करने, मोठ्या अक्षरात. लाइट गेलेली असताना मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचायचं असतं.